लालसूचा अकरावा नियम

लालसू पोटावीला टाळ्या फार आवडतात. हे तो स्वतःच सांगतो, आणि सांगताना इतका हसतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा दुसऱ्याच कुणा मूर्खाची गोष्ट सांगतोय.

धानोऱ्यापासून आत जंगलाच्या बाजूला कुसुमटोला हे त्याचं गाव. घरं एकेचाळीस. गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला तेव्हापासून विडीचा तेंदूपत्ता गावच विकतं. मे महिन्यात पंधरा-वीस दिवस घरोघरची माणसं पहाटे रानात शिरतात, पानं तोडून आणतात, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि फडीवर, म्हणजे पानं वाळवायच्या मैदानावर, नेऊन देतात. दर पुड्यामागे थोडा पैसा ग्रामसभा मागे ठेवते. हळूहळू गावाचा फंड झाला. फंड झाला म्हणजे नियम आले, आणि नियम लिहायला आयटीआय झालेला माणूस गावात एकच होता.

लालसूने गडचिरोलीला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता. बटण दाबलं की दिवा लागायलाच हवा, नाही लागला तर कुठेतरी वायर चुकली, एवढं त्याचं साधं तत्त्वज्ञान. गावही असंच चालवता येईल असं त्याला मनापासून वाटे. गावाने त्याला ग्रामसभेचा सचिव केलं. पगार शून्य. पण शिक्का होता, आणि शिक्का उमटवताना लालसूच्या अंगात वेगळाच करंट खेळायचा.

नियम वाचायची सभा गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, भरली. दहा नियम वाचून होईपर्यंत निम्मी सभा जांभया देत होती. बायका आपसात बोलू लागल्या. लालसूला ते सहन होईना. सभेला जाग आणायला काहीतरी करायला हवं होतं, आणि त्याने कागदावर नसलेला अकरावा नियम उभ्या उभ्या ठोकून दिला : "सचिव व सचिवाचे कुटुंब यांना या निधीतून कोणताही लाभ घेता येणार नाही."

असा नियम कुणी मागितला नव्हता. कुणाच्या मनातही नव्हता. पण टाळ्या पडल्या. गावचा गायता सुकलू, ज्याच्या शब्दावाचून गावात पेरणीही होत नाही, तो म्हणाला, "लालसू, दिलदार हायेस गा तू."

घरी येताना लालसूची मान इतकी ताठ होती की दारातली आडवी बल्ली कपाळावर आदळली.

"मले इचारलं होतं का?" बुधरीने, त्याच्या बायकोने, हळद लावता लावता विचारलं.

"यात इचाराचं काय हाय? आपल्याले कायले लागते फंड?"

बुधरीने हळद जरा जोरातच दाबली.

पुढे दोन वर्षं लालसूने नियम असे पाळले की नियमांनाही लाज वाटावी. झिंगूचा पोरगा झाडावरून पडला, पाय मोडला. झिंगू अर्ज घेऊन आला तर लालसूने त्याला चार कागद सांगितले. त्याने तीन आणले. लालसूने अर्ज परत केला आणि वर त्याला कागदपत्रांचं महत्त्व अर्धा तास समजावलं. झिंगूने दोन बकऱ्या विकल्या. लालसूला त्या दिवशी आपण फार निःपक्षपाती आहोत असं वाटलं होतं. आता ते आठवलं की तो म्हणतो, "मी सचिव नव्हतो बाप्पा, मी फ्यूज होतो. जिथी लोड आला तिथी उडत होतो."

मग बुधरीच्या छातीत गाठ निघाली.

तिला ती तेंदूच्या दिवसांतच लागली होती. पण सीझनमध्ये कोण घरी बसतं? धानाची रोवणी झाली, पोळा झाला, तेव्हा तिने सांगितलं. गडचिरोलीहून नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं : कॅन्सर आहे, पुढे सरकलेला आहे, पण उपचार होतो. आधी औषध सलाईनमधून, मग ऑपरेशन, मग रेडिएशनचा शेक. सात-आठ महिने जातील. मध्येच सोडायचं नाही. महिन्याच्या आत सुरू करा.

ऑपरेशन आणि औषध सरकारी योजनेत फुकट होतं. पण नागपूरला राहायचं कुठे, खायचं काय, दर एकवीस दिवसांनी येणं-जाणं, बाहेरच्या काही तपासण्या? दवाखान्यातल्या मदतकक्षातला माणूस म्हणाला, "सत्तर-ऐंशी हजार तरी हाताशी ठेवा. पैसा संपला म्हणून अर्ध्यातून गावी गेलेले लोक मी रोज बघतो."

लालसू गावात कुणाला काही बोलला नाही. गावाला जो माणूस दोन वर्षं नियम शिकवतो, त्याने गावापुढे हात कसा पसरायचा? त्याने फाईल काखेत मारली आणि जिल्हे पालथे घालायला निघाला. चंद्रपूरला एका धर्मादाय ट्रस्टमध्ये टेबलामागच्या माणसाने विचारलं, "पेशंट अ‍ॅडमिट आहे का?"

"नाही सर, पैसे झाले की करतो."

"अ‍ॅडमिट झाल्याचा कागद आणा, मग पैशाचं बघू."

लालसू त्याच्याकडे बघतच राहिला. रागावणार होता, पण माणसाचा आवाज, मान तिरकी करायची पद्धत, टेबलावर पेन वाजवणं, सगळं ओळखीचं वाटलं. समोर तो स्वतःच बसला होता, फक्त जरा गोरा आणि पंख्याखाली.

मग त्याने मोबाईलवर मदतीची विनंती टाकायचं ठरवलं. कुसुमटोल्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की येते. टाकीवर बसून त्याने अडीच पानी मजकूर लिहिला. त्यात जंगल हक्काचा इतिहास आला, स्वतःचा आयटीआय आला, आणि बायकोचा आजार शेवटून दुसऱ्या ओळीत आला. तीन दिवसांत रडक्या चेहऱ्याची सव्वीस चित्रं जमली. शिवाय कुणीतरी 'छान लिहिता' असं कळवलं. लालसूने आधी तेच दोनदा वाचलं.

महिन्यातले सोळा दिवस गेले.

"गावाचा फंड हाय ना?" बुधरीने विचारलं. ती अंगणात मोहाची टोरी, म्हणजे बिया, फोडत होती. डावा हात आता वर जात नव्हता.

"अकरावा नियम हाय ना."

"कोनं केला तो?"

"सभेनं."

"सभेनं?"

"...सभेसमोर केला."

"टाळ्या किती दिवस पुरल्या, सचिव साहेब?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं लालसू म्हणतो.

शेवटी त्याने तोड काढली. राजीनामा द्यायचा. सचिवच नाही तर सचिवाचं कुटुंब कुठून? आपल्या हुशारीवर तो स्वतःच खूश झाला. राजीनाम्याचं भाषणही लिहिलं. ते ऐकून गाव रडेल, सुकलू उठून म्हणेल, 'नको गा, तुझ्याशिवाय आमचं कसं होईल', मग गावच नियम बदलेल आणि राजीनामा परत घेता येईल, असा सगळा नकाशा त्याने डोक्यात काढला होता.

सोमवारी दुपारी सभा भरली. लालसूने भाषण वाचलं. मधल्या एका वाक्यानंतर लोकांना रडायला वेळ मिळावा म्हणून तो थांबलाही. वाचून झालं आणि तो खाली बघत उभा राहिला. म्हणजे लोकांना 'नको' म्हणायला सोपं जावं.

"बरं," सुकलू म्हणाला. "मंग आता सचिव कोन?"

"साक्षीले करा," दोन-तीन आवाज एकदमच आले. साक्षी म्हणजे लालसूच्या चुलत भावाची सून. बी.ए. झालेली, कमी बोलणारी. तिने मानेनेच हो म्हटलं. विडीही पुरी जळाली नसेल एवढ्यात गावाचा कारभार बदलला.

"मामाजी, शिक्का कुठी हाय?" तिने चुलत सासऱ्याला विचारलं.

लालसूने खिशातून शिक्का काढून दिला. तो खिशात घेऊन फिरत होता हेही त्या निमित्ताने गावाला कळलं.

आता मुद्द्याचं बोलणं भाग होतं. बायकोला कॅन्सर आहे, उपचार आहे, वेळ चौदा दिवसांचा उरला आहे, फंडातून ऐंशी हजार हवेत. या वेळी तो चार वाक्यांतच बोलला. बहुतेकांना बुधरीच्या आजाराचं तेव्हाच कळलं.

मग झिंगू बोलला. "म्हंजे आत्ताच राजीनामा अन् आत्ताच अर्ज? असं असते का गा? मले तं तू चार कागद मांगले होते."

कुणी हसलं नाही. लालसूला वाटलं, हसले असते तर फार बरं झालं असतं. कुसुमटोल्यात हात वर करून मोजदाद होत नाही. प्रत्येक घराला विचारतात, आणि एका घराने जरी नाही म्हटलं तरी काम तिथेच थांबतं. झिंगूचं घर गावाच्या टोकाला. त्याची पाळी सगळ्यात शेवटी.

"अन् नियम चार," साक्षी भिंतीवरचा नियमांचा चकचकीत कागद वाचत, संकोचत म्हणाली, "अर्ज पंधरा दिवस आधी पाह्यजे."

"तोबी ह्यानंच लिवला," मागून कुणीतरी म्हणालं.

तेव्हा बायकांच्या बाजूने बुधरी उठली. भिंतीचा आधार घेऊन उठली.

"मले बोलाचं हाय," ती म्हणाली. "हे कायचा राजीनामा देऊन राह्यले, मले माईत नाई. मले त्यानं काई फरक पडत नाई. मी सचिवाची बायको म्हनून मांगाले नाई आली. मी लग्न होऊन आली त्या सालापासून पत्ता तोडून राह्यली. फंड झाला तवापासून माह्या हरेक पुड्यातून पैसा कापला. तवा कोनी म्हनलं का, हे सचिवाच्या कुटुंबाचे पुडे हायेत, घेऊ नका? पुडे चालते, अन् मी नाई चालत?"

तिने भिंतीवरचा हात काढला.

"हा नियम ह्याहीनं मले न इचारता केला," ती म्हणाली, "अन् तुमी मले न इचारता टाळ्या वाजवल्या. मी तवा घरी भात रांधत होती. म्हंजे सभेत एकेचाळीस घरं पुरी नव्हतीच. माह्या घराचं होय अजून कोनी घेतलंच नाई."

सुकलू म्हणाला, "बराबर हाय. आमाले तवा सुचलं नाई." आणि त्याने नव्या सचिवाला विचारलं नाही, कागदाकडे बघितलं नाही. घरं विचारायला सुरुवात केली. पहिलं घर होय म्हणालं. दुसरं होय म्हणालं. एक म्हातारी म्हणाली, "होय, अन् माह्याकडून तांदूळबी घेऊन जाय." चाळीस घरं झाली. झिंगू उरला.

लालसूने आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात एकही वाक्य तयार केलं नाही.

"माहं होय हाय," झिंगू म्हणाला. "कवाचंच होय हाय. पन एक गोष्ट. बुधरीबाईले कागद मांगाचे नाईत. अन् तिच्या मांगून जो कोनी दुखनं घेऊन येईन, त्यालेबी मांगाचे नाईत. मोडलेला पाय दिसते. त्याले झेरॉक्स कायले लागते?"

"लिव बाई साक्षी," सुकलू म्हणाला.

साक्षी लिहू लागली. सभा उठायच्या बेताला आली तेव्हा लालसूने जरा खाकरून विचारलं, "मंग माह्या राजीनाम्याचं... आता तं तो लागला नाई..."

"तो मंजूर झाला ना मामाजी," साक्षी फार आदराने म्हणाली.

आता मात्र गोटुल हसलं. झिंगू तर मांडीवर थाप मारून हसला. लालसूलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसायची सोय झाली.

घराकडे येताना बुधरी मध्येच बोरीच्या झाडाखाली बसली. लालसू समोर उभा राहून बोलत सुटला. पहिलं सलाईन कधी, दुसरं कधी, खोली दवाखान्यापासून किती लांब, धर्मशाळेत नंबर कसा लावायचा, कोणती बस पकडायची.

"मले भेव लागून राह्यला," बुधरी म्हणाली.

लालसू थांबला. गाठीचं कळल्यापासून त्याने ट्रस्टला विचारलं, मोबाईलला विचारलं, गावाला विचारलं. हिला काय वाटतं ते विचारायचं राहूनच गेलं होतं. तो तिच्याशेजारी मातीत बसला.

"मलेबी," तो म्हणाला.

"माईत हाय. तुमाले भेव लागला का तुमी लय बोलता."

ऊन उतरेपर्यंत दोघं तिथेच बसून होती. मग तिने उजवा हात पुढे केला आणि त्याने तिला उठवलं. बस परवा सकाळी सहाची होती, आणि घरी अजून कपडे धुवायचे होते.