झाओ म्हणजे किती

आमच्या हुवेई गावात लिआओ शुइतिआन बोलायला लागला की देवळापुढचं पटांगण गप्प व्हायचं. आमच्या बाहुल्यांच्या खेळात सगळ्यांचे आवाज एकट्या माणसाने काढायचे असतात. तोच राजा व्हायचा आणि राजाची रडकी सूनही तोच. घरात मात्र बोलण्याचं काम त्याच्या बायकोकडे, सुइलानकडे होतं.

सुइलान समुद्रापलीकडची, हूनानची. भाषा एकच, पण शब्द मधूनच दगा द्यायचे. लग्न नवं असताना त्याने बिअरबरोबर थूदोउ मागितले. आमच्याकडे थूदोउ म्हणजे भुईमुगाचे दाणे, तिच्या माहेरी बटाटे. तिने पातेलंभर बटाटे उकडून पुढ्यात ठेवले.

“एवढे खाल्ल्यावर बिअर कुठे ओतू? कानात?”

“ओत. नाहीतरी माझं बोलणं तिथून आत जातच नाही.”

हा प्रसंग तो पुढे बाहुल्यांच्या तोंडी घालायचा आणि ती पहिल्या बाकावर बसून दरवेळी हसायची.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. चिंगहो या त्याच्या शिष्याने गावोगावच्या देवळांत टिपलेले गुरूचे सगळे खेळ एका पेनड्राइव्हवर गोळा करून गुरूच्याच घरी ठेवले होते. त्याची प्रत काढायची राहूनच गेली होती. तसाच काळा आणखी एक पेनड्राइव्ह घरात होता. त्यात आजारपणातला सराव होता: फाटलेला आवाज, मध्येच खोकला. तो कुणाच्या कानावर पडू नये, असं शुइतिआनला फार वाटे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने इस्पितळातून फोन केला. ते बोलणं सुइलानने मला नंतर इतक्यांदा सांगितलं की मला ते पाठ झालं आहे.

“अगं, खणात पेनड्राइव्हच्या दोन काळ्या काड्या आहेत बघ. झाओवाली चिंगहोला दे. दुसरी आजच्या कचऱ्यात टाक.”

“हुकूम सोडायला आवाज अजून खणखणीत आहे हं, म्हातारबा.”

“वापरून घेतो. उद्यापासून तुझंच राज्य.”

तिने खण उघडला. एकीवर ५१२ आणि पुढे एम, दुसरीवर १ आणि पुढे टी. तिच्या माहेरी संगणकाच्या मापात एमला झाओ म्हणतात. झाओवाली तिने रुमालात गुंडाळून ठेवली. तेवढ्यात खाली कचऱ्याच्या गाडीची धून वाजली. पिशव्यांबरोबर दुसरी काडी घेऊन ती धावत खाली गेली.

ऑपरेशन झाल्यावर चिंगहो काडी न्यायला आला. त्यांच्याकडे संगणक नाही, म्हणून दोघं शेजारी माझ्या घरी आली. काडी लावली आणि खोलीत खोकला भरून राहिला.

“काकी, दुसरी कुठे आहे?”

“टाकली. त्यानेच सांगितलं ना!”

“अहो, ही एमची आहे! झाओ म्हणजे टी!”

“झाओ म्हणजे एम. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. बाई, तुम्ही सांगा याला.”

मी शाळेत जन्मभर शिकवलं होतं की झाओ म्हणजे एकावर बारा शून्यं, म्हणजे काडीवरचा टी. तरी शोधून पाहिलं. तिच्याकडे संगणकाच्या मापात झाओ म्हणजे एकावर सहा शून्यं, म्हणजे एम. दोघांचंही बरोबर होतं. कुणाची चूक निघाली असती, तर निदान रागवायला माणूस मिळाला असता.

चिंगहो तिला घेऊन कचरा डेपोवर गेला. तिथला माणूस भला होता. त्याने दाबून विटांसारखे केलेले गठ्ठे दाखवले आणि टोपी काढली.

शुइतिआनला सांगणं भाग होतं. ती बोलत असताना तो छताकडे बघत होता. मग त्याने उशाची पाटी ओढली आणि एकच शब्द लिहिला: थूदोउ.

त्या शब्दाला ती पहिल्यांदाच हसली नाही. त्याने तो पुसला आणि लिहिलं, ‘आता ती काडीही टाक.’

तो घरी आला आहे. हातात बाहुली घालतो, तिची मान वळवतो आणि पुन्हा पेटीत ठेवतो. संध्याकाळी गाडीची धून वाजली की तो आधी खणाकडे बघतो, मग तिच्याकडे.

“टाकते रे बाबा, टाकते,” म्हणत ती पिशव्या उचलते.

काडी तिच्या एप्रनच्या खिशात असते. गाडी निघून जाते आणि ती काडीसकट जिना चढून वर येते.