पाकळी पडेपर्यंत

मचव्यांना अजून इंजिनं लागली नव्हती, तेव्हाची गोष्ट. आम्हा दोघा भावांचा एकुलता मचवा देवबाग गावाबाहेर उघड्या समुद्रात नांगरलेला होता आणि दक्षिणेकडून वादळ चढत होतं. मचवा गेला असता तर आम्ही पुन्हा दुसऱ्याकडे खलाशी. तो खाडीत घ्यायचा का, हे विचारायला थोरला भाऊ देवळात कौल लावून बसला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली की होकार. पाकळी काही पडेना.

“दादा, ऊठ. खलाशी वाट बघतत.”

“देवाच्या मनात काय आसा, ता कळूक नको? विश्वास ठेव.”

“मग देवाकच सांग, नांगर काढूक ये म्हणान.”

मी तसाच किनाऱ्यावर धावलो. खलाशांना शिव्या घालत आणि त्यांच्या खात मचवा खाडीत ओढून आणला. दोराने हातांची सालं निघाली. देवळात परतलो तेव्हा वाऱ्याने दार उघडलं होतं आणि उजवी पाकळी खाली पडली होती.

“बघलंस?” भाऊ म्हणाला. “देवान राखल्यान.”

गावाने मानाचा नारळ त्याच्याच हाती दिला. भाऊ अजून ही गोष्ट सांगतो. तीत देव आहे, पाकळी आहे, भावाची श्रद्धा आहे; दोर ओढणारा कोणी नाही. देवावर माझा राग नाही. त्या दिवशी मला देवळाबाहेर काढलं ते त्यानेच, असं मी मानतो. भावाला आत बसवून ठेवलं, तेही त्यानेच. बहुधा दोर ओढताना मध्ये कोणी येऊ नये म्हणून.