खंड चारमधली एक ओळ

घोडपदेवच्या बाजारात मावरं विकणाऱ्या शांती तांडेलला विधानसभेचे नियम जेवढे पाठ होते, तेवढे निम्म्या आमदारांनाही नसतील. शिक्षण सातवी नापास. पण तिची नात दिशा जिथे शिकते त्या मराठी शाळेत एकतीसच पोरं उरली आणि शाळा बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हापासून गिऱ्हाईक ओसरलं की ही बाई बर्फाच्या पेटीला मोबाईल टेकवून सभागृहाचं कामकाज बघत बसायची.

शेजारच्या पाटीवरची सुमती म्हणायची, "अगो, लोक सिरियली बघतात."

"ही पण सिरियलच. यात पोरं आपली मरतात, एवढंच," म्हणत शांती सुरमईच्या मानेवर कोयता मारायची.

यंदाच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात ते विधेयक आलंच. कमी पटाच्या शाळा दुसऱ्या शाळेत मिसळायच्या. काटा होता खंड चारमध्ये: शाळा बंद करायचा अधिकार एकट्या अधिकाऱ्याला. शांतीने वहीच्या पानावर एक ओळ लिहिली, 'पालकसभेच्या लेखी संमतीशिवाय शाळा बंद करता येणार नाही.' विरोधी पक्षाचे आमदार जयवंतराव यांच्या कार्यालयात आठ दिवस ठिय्या मारून ती ओळ दुरुस्ती म्हणून त्यांच्या सहीने दाखल करून घेतली. मंत्रीही 'बघू, घेऊ' म्हणाले होते. आता फक्त खंड चार पुकारला की जयवंतरावांनी जागेवरून उठून ती मांडायची. सदस्य जागेवर नसला तर दुरुस्ती गेली, हा नियम शांतीला ठाऊक होता. तिनेच तो त्यांच्या पीएला, अमितला, वाचून दाखवला होता.

विधेयकाच्या दिवशी गॅलरीचा पास घेऊन ती विधानभवनाच्या दारात उभी राहिली. जयवंतराव आले, चॅनेलवाल्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, "ताई, काळजी नको. मी आत बसलेलोच आहे."

बसलेलोच. या एका शब्दावर तिचं डोकं फिरलं.

"बसताच ना, साहेब. गेल्या आठवड्यात पाच विधेयकं गेली तुमच्या नाकाखालून. वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलासारखे नुसते लटकून असता. आमच्या पोरांसाठी एकदा तरी उठून बाहेर पडा, दुनियेला दिसू दे की तुम्ही जिते आहात."

कॅमेरावाले फिदीफिदी हसले. जयवंतरावांचे कान लाल झाले. अमित तिच्या कानाशी कुजबुजला, "मावशी, सगळ्यांसमोर कशाला?"

"सगळ्यांसमोरच बोलायचं असतं. घरात बोलायला मला नवरा होता."

दुपारी चारला विधेयक आलं. जयवंतराव उठले. काय बोलले बाई ते. गिरणगाव, पालिकेच्या शाळा, पाटी डोक्यावर घेऊन पोरं शिकवणाऱ्या आया. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवा म्हणाले. मंत्री नाही म्हणाले. "मग आम्ही नुसते बसून राहणार नाही. शासनाचा निषेध करून सभात्याग करतो." सगळा पक्ष घोषणा देत त्यांच्यामागे निघाला.

गॅलरीत शांतीचा ऊर भरून आला. माझं बोलणं लागलं याला, असं तिला वाटलं. मग दार बंद झालं, आणि तिला खंड चार आठवला.

अध्यक्षांच्या पीठावरून आवाज आला, "खंड दोन, तीन." होय, होय. "खंड चारला सन्माननीय सदस्य जयवंतराव यांची दुरुस्ती आहे."

सगळ्यांनी त्या बाकाकडे पाहिलं. तिथे फक्त कागद होते.

"सदस्य जागेवर नाहीत. दुरुस्ती मांडलेली नाही. खंड चार विधेयकाचा भाग झाला."

चार मिनिटांत विधेयक मंजूर झालं.

बाहेर पायऱ्यांवर जयवंतराव कॅमेऱ्यांच्या घोळक्यात होते. तिला पाहून लांबूनच म्हणाले, "बघितलंत ना, ताई? आज बसलो नाही."

ती जवळ गेली. "साहेब, ओळ राहिली."

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी अमितकडे पाहिलं, अमितने खाली.

"उद्या वरच्या सभागृहात येतंय विधेयक," शांती म्हणाली. "तुमच्या माणसाने तीच दुरुस्ती दिलीय तिथे. त्यांना बसायला सांगा. मी सकाळी जे बोलले ते बोललेच नाही असं समजा. हात जोडते, नुसते बसा."

शांती तांडेलने कुणापुढे हात जोडलेले सुमतीनेही कधी पाहिले नव्हते.

"आता कसं बसणार, ताई?" जयवंतराव खरंच अवघडले होते. "उद्या तिथेही सभात्याग, असं आत्ताच जाहीर केलंय. तुमचं नाव घेऊन."

संध्याकाळी सहाला शाळेत पालक जमणार होते, शांती काय आणते ते ऐकायला. तिने पदर खोचला आणि बसस्टॉपकडे निघाली. पहिली बस आली, तिने जाऊ दिली. दुसरीही.