अनसूयाबाईंनी कमिटीत घेतलेलं नाव

अनसूयाबाईंचा आवाज असा होता, की त्यांनी स्वयंपाकघरात मीठ कुठे ठेवलंय म्हणून विचारलं तर शेजारच्या क्वार्टरातून मिठाचा डबा यायचा. जबलपूरच्या त्या कारखान्याच्या वस्तीत भोंगा वाजायच्या आधी त्या आपल्या लेकीला, विनताला, हाक मारायच्या, आणि निम्मी वस्ती तेवढ्यावरच उठायची. असा खणखणीत आवाज असूनही लग्न झाल्यापासून बाईंनी नवऱ्याचं नाव काही सरळ तोंडाने घेतलं नव्हतं. कुणी विचारलंच तर ‘हे’, नाहीतर ‘आमच्याकडचे’, आणि फारच अडलं तर ‘विनताचे बाबा’. रीतच होती ती. नाव घ्यायचं ते मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, आणि तेही उखाण्यातून.

तर हे, म्हणजे नीलकंठराव, कारखान्यात फिटर होते. साल त्रेचाळीस. लढाई चालली होती तिकडे ब्रह्मदेशात, पण तिच्यापायी इथे माणसं बारा-बारा तास पाळ्या करत होती. नीलकंठराव घरी यायचे ते जेवायला, झोपायला आणि घाबरायला. साहेब रागावेल, कुणी चुगली करेल, लढाईच्या दिवसांत सरकारी नोकरी गेली तर पुन्हा दारात कोण उभं करेल! भीतीसुद्धा ते इमानेइतबारे करायचे.

अशात बातमी आली, की वस्तीतल्या मराठी शाळेची इमारत कारखान्याला हवी आहे. तंबूचं कापड ठेवायला जागा पुरत नव्हती. शाळा कमिटीने मान जवळजवळ हलवलीच होती, आणि मुलांनी गढ्याच्या शाळेत जावं असं ठरत होतं. गढा म्हणजे उन्हातान्हाची लांबलचक पायपीट, मध्ये रेल्वेचं फाटक, आणि रुळावर दिवसभर फौजेच्या गाड्या. पोरगे गेले असते रडतखडत. पोरींचं काय होणार, ते कुणी न सांगताच सगळ्यांना कळलं होतं.

नीलकंठरावांनी तर बोलूनच टाकलं, “तिसरी झाली न विनताची? बस झालं. शिवण शिकव आता घरी.”

“काहून शिवण? बाजारात कापड मिळून नाही राहिलं आणि घरात दोघी-दोघी बसून काय, वारा शिवायचा?”

बाई बोलल्या हसत, पण आतून त्यांना भडभडून आलं होतं. माहेरी सिहोऱ्याला असताना त्यांचीही शाळा अशीच तिसरीनंतर सुटली होती. कारण तेच, शाळा लांब. त्या दिवसाची आठवण आली की बाईंना अजून बापाचा राग यायचा, आणि बाप वारून किती वर्षं झाली तरी तो राग काही कमी होत नव्हता. विनताला आपला असा राग येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

कमिटी बसायची गुरुवारी दुपारी, म्हणजे नेमके बाप लोक कामावर असताना. तेव्हा आयाच निघाल्या. ठेवणीतली लुगडी नेसून, दहा-बाराजणी. कमिटीचे अध्यक्ष भय्यासाहेब. भोसल्यांच्या काळी चाकरीला आलेलं घराणं, इथेच पिढ्या गेलेल्या, त्यामुळे मराठी उरली होती ती सणाला आणि संतापाला. त्यांनी प्रेमाने बसवलं, आणि बायका जी बोलायला लागल्या! हेमलताने नळाचं काढलं. प्रमोदिनीने मास्तर वर्गात कसे घोरतात ते साग्रसंगीत करून दाखवलं. एकीच्या पोराचा डबा बकरीने खाल्ला होता, तोही विषय झाला. भय्यासाहेब प्रत्येक गोष्टीला “अच्छा, अच्छा” म्हणत होते. मग चहा आला. साखरेचा! त्या टंचाईत चहात खरीखुरी साखर लागल्यावर बायका विरघळून गेल्या.

परत येताना कोपऱ्यावर अनसूयाबाई एकदम थांबल्या.

“काय वो, शाळा हलवू नका म्हणून कोण बोललं?”

कुणीच बोललं नव्हतं. नळ झाला होता, घोरणं झालं होतं, बकरी झाली होती. बाईंना इतकी लाज वाटली, की तो चहा त्यांना घरी जाईपर्यंत कडू लागत राहिला.

दोनच दिवसांत त्यांनी सगळ्यांना तांदूळ निवडायला म्हणून आपल्या ओट्यावर बोलावलं. “पुढच्या गुरुवारी एकच गोष्ट,” त्या म्हणाल्या. “शाळा इथून हलणार नाही. बाकी सगळं घरी ठेवून यायचं. आणि चहा घ्यायचा नाही.”

“साखरेचा असला तरी?” हेमलताने विचारलं. या मुद्द्यावर चर्चा सगळ्यांत जास्त वेळ चालली.

नीलकंठरावांना कळलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. “जायचं तर जा. पण माझं नाव घेऊ नको तिथे! साहेबाच्या कानावर गेलं म्हणजे मेलो.”

“आजवर कधी घेतलं का मी?” बाई म्हणाल्या, आणि हे अगदी खरं होतं.

गुरुवारी बायकांनी ‘शाळा इथून हलणार नाही’ एवढंच सांगितलं, आणि चहा आला तसा परत गेला. तेव्हाच भय्यासाहेबांनी ओळखलं, की आज काही वेगळं आहे. त्यांनीही डाव टाकला. “भाषण नको. वेळ नाही आज. पटेरियाबाबू, सबका नाम लिख लो, पति के नाम के साथ. ज्यांचं नाव लिहिलं जाईल, त्यांचाच विरोध धरू.”

भय्यासाहेब काही दुधखुळे नव्हते. नाव घ्यायला एकीकडे रीत आडवी येणार आणि दुसरीकडे नवऱ्याची नोकरी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायकांच्या माना खाली गेल्या. पटेरिया कारकून टाक बुडवून वाट बघत बसले. अनसूयाबाईंच्या डोळ्यांपुढे हातात घास धरून बसलेले नीलकंठराव आले, आणि त्यांच्या मागे शिवणाची सुई घेतलेली विनता. मग बाईंनी पदर सावरला आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं:

“गढ्याच्या वाटेवर लागतो रेल्वेचा रूळ,
नीलकंठरावांच्या लेकीसाठी इथेच ठेवा इस्कूल!”

“बाईजी, इसमें पति का नाम कौन-सा है?” पटेरियाबाबू गोंधळले.

“पूरा लिखिए. हमारे में नाम ऐसाच रहता है.”

भय्यासाहेब थांबवणार होते, पण बाई नाव घेत असताना मध्ये बोलायचं नाही, हे त्यांच्याही घरात पाळत असत. तेवढ्यात हेमलता उठली:

“चांदीच्या ताटात ठेवला पेढा,
शशिकांतरावांची पोरं चालत कशी गाठतील गढा?”

“वा!” भय्यासाहेबांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली. आता काय, रांगच लागली. प्रमोदिनीने तर कमाल केली:

“गळक्या छपराखाली आम्ही लावली बादली,
पुंडलिकरावांची पोरं भिजली, पण शाळा नाही सोडली!”

पटेरियाबाबूंनी काहीही न गाळता सगळं लिहून घेतलं. एवढी नावं विरोधात आल्यावर ठराव काही पास करता येईना. इमारत कारखान्याने मागितलेली, म्हणून कागद कारखान्याकडे गेले, आणि तिथल्या कुणा बाबूने ते उखाणे सरकारी इंग्रजीत उतरवले म्हणे.

मग व्हायचं तेच झालं. नीलकंठरावांना साहेबाचं बोलावणं आलं. संध्याकाळी ते घरी परतले तेव्हा बाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. काय झालं ते विचारायचं धाडस त्यांना होईना.

“साहेबाने विचारलं, शाळेचं छप्पर गळतं हे खरं का,” नीलकंठराव म्हणाले. “म्हटलं, हो साहेब, खरं आहे. तर म्हणाले, मग तिथे सरकारी कापड ठेवता येणार नाही. नको ती इमारत. शाळा राहिली आपली!”

विनता टाळ्या पिटत गल्लीभर सांगून आली. नीलकंठराव कितीतरी महिन्यांनी हसले. अनसूयाबाईही हसल्या, पोटभर हसल्या, आणि पोळी तव्यावर टाकता टाकता मधेच त्यांनी विचारलं:

“म्हणजे कापड भिजायला नको म्हणून?”

“हो न.”

“आणि पोरं?”

नीलकंठरावांनी पाण्याचा तांब्या उचलला.

पुढच्या गुरुवारी बायकांना पुन्हा दारात बघून भय्यासाहेबांनी हातच जोडले. “बहनजी, शाळा वाचली तुमची. आता काय?” पटेरियाबाबूंनी तर उखाणा येणार म्हणून कोरा कागदही पुढे ओढला.

पण या खेपेला बाईंनी उखाणा घेतला नाही.

“भय्यासाहेब, तुमच्या शाळेच्या छपराखाली कापडसुद्धा ठेवायला साहेब तयार नाही. आमची पोरं तिथे तीन वर्षं बसून राहिली. ते कापड सांभाळणारी कमिटी कुठे बसते तेवढं सांगा, म्हणजे पोरांची नावं तिच्यात घालून येतो.”