अली मुकरींनी गाडी दान केली, त्याची गोष्ट

अली मुकरी, दहिवली, यांस,

तुम्ही परवा मला दम भरलात, "बाई, माज्यावर काय लिवू नका, लोकं हसतील." लोक हसताहेतच. कशेळ्यात तुमच्या नावावर तीन गोष्टी फिरताहेत आणि तिन्ही चूक आहेत. एकीत तर तुम्ही गाडी नदीत घातलीत. त्यापेक्षा खरी गोष्ट लिहून मोकळी होते. एकदाच वाचा, हरकत असेल तर गुरुवारच्या आत कळवा, नंतर कुरकुर ऐकून घेणार नाही. गोष्टीत मी जिथे येते तिथे मला 'बाई' म्हटलं आहे. तुम्ही दुसरं काही म्हणतच नाही.

तर गोष्ट अशी.

अलीभाई मुकरींचं दहिवलीला गॅरेज. वय एकाहत्तर. हाताखालून ट्रॅक्टर, टेंपो, रिक्षा हजारोंनी गेल्या. पण स्वतःची म्हणावी अशी गाडी एकच. विलायती, हिरवी, दोन सीटची, साठ वर्षांपूर्वीची. उंचीला एवढी बुटकी की आत बसलं की शेजारून जाणाऱ्या बकरीशी नजरानजर व्हावी. खोपोलीच्या एका कारखान्याचे मॅनेजर पस्तीस वर्षांपूर्वी मुलीकडे परदेशी कायमचे गेले, तेव्हा किल्ली अलीभाईंच्या हातात ठेवून म्हणाले, "ही फक्त तुझंच ऐकते." हे साफ खोटं होतं. ती कोणाचंच ऐकत नव्हती.

विलायतेत तिचे पार्ट मिळतात म्हणे. दहिवलीत मिळत नाहीत. म्हणून वायपर रिक्षाचा लागला, पेट्रोलचं झाकण स्कूटरचं आणि हॉर्न टेंपोचा. तो हॉर्न ऐकून माणसं ट्रक आला समजून बाजूला होत, मागे बघत, काही दिसत नसे, मग खाली बघत. गाडीचा कापडी टप पार फाटला तेव्हा नफिसाभाभींनी लग्नाच्या मांडवाचं जुनं कापड मशीनवर शिवून दिलं. बाहेरून निळा, आतून लाल-पिवळ्या झालरी. दर शुक्रवारी नमाजानंतर अलीभाई खालापूरपर्यंत जाऊन परत येत. काम काही नाही. गाडीला हवा दाखवायची. भाभी आयुष्यात एकदाच बसल्या आणि उतरून म्हणाल्या, "रस्ता माज्या बुडाला लागतंय. परत नाय बसायची."

असं सगळं छान चाललं होतं, पण गेल्या वर्षी अलीभाईंचा गुडघा गेला. गाडीत बसणं सोपं होतं. उभं राहायचं आणि अंग सोडून द्यायचं. बाहेर निघायला मात्र दोन माणसं लागायला लागली. एका शुक्रवारी खालापुरात चहाच्या टपरीपुढे ते असे अडकले की मदत मागायची लाज वाटून त्यांनी गाडीतच बसून चार चहा घेतले. टपरीवाल्याला वाटलं, माणूस ऐटीत आहे.

घरी बातमी पोचलीच. त्यांचा मुलगा अदनान रिसॉर्टवाल्यांना एसी बसवून देतो. तो गिऱ्हाईक घेऊन आला.

"अब्बा, ते लोकं गेटवर ठेवनार. मस्त रंग मारनार. सेल्फी पॉइंट. बॉनेटमदे बोगनवेल लावनार."

"इंजिनात?"

"इंजिन काढनार ना!"

"आसं कर, मी मेल्यावर माजी आतडी काड आन् झेंडू लाव."

स्वयंपाकघरातून भाभी म्हणाल्या, "झेंडू नको रं, मोगरा लाव. वास तरी चांगला येल."

अलीभाई रात्रभर चिडून होते. विकली तर तिची कुंडी होणार. ठेवली तर गंजणार. चालती ठेवील अशा कोणाला तरी देऊन टाकायची, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. आणि त्यांना कशेळ्यातल्या आरोग्य संस्थेच्या दारावरची पाटी आठवली: 'जुन्या पण चालू स्थितीतल्या वस्तू स्वीकारल्या जातील.' चालू स्थितीतल्या! हे शब्द त्यांना फार आवडले.

बुधवारी सकाळी सातला हॉर्न ऐकून संस्थेच्या बाई बाहेर आल्या, मग त्यांनी खाली बघितलं.

"बाई, घ्या."

"काय घेऊ?"

"गाडी. दान."

"अलीभाई, ती पाटी कपड्यांची आणि भांड्यांची आहे."

"वर वस्तू लिवलंय. ही वस्तू नाय तर काय वासरू हाय?"

बाईंना आधीच घाई होती. "हे बघा, आम्हाला पेशंट आणायला जीप हवी. ह्यात पेशंट झोपवला तर त्याचे पाय पुढच्या गावात जातील. विकून टाकू का?"

"विकायची आसती तर पोरानं विकली नसती काय? चालवायची. चालवनार नसाल तर मी चाललो."

"चला मग."

ते काही चालले नाहीत, कारण गाडी सुरू होईना. तेवढ्यात जना औषधांची पेटी घेऊन बाहेर आली. जना संस्थेची आरोग्यसेविका, वरच्या वाडीतली, चाळिशीची. दर बुधवारी पेटी घेऊन तिला वाडीत जायचं असे आणि दर बुधवारी उशीर होत असे. कशेळ्याहून वर जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही. ती भरेपर्यंत वाडीतली माणसं मजुरीला, रानात निघून गेलेली असत, आणि जनाच्या गोळ्या घ्यायला उरत फक्त कुत्री.

"काका, हे वाडीपतूर येतंय का?" जनाने विचारलं.

"हे नाय, ही. येते."

"येत नाही," बाई म्हणाल्या.

"येते!"

शेवटी बाई म्हणाल्या, "नऊच्या आत जनाला आणि पेटीला वाडीत पोचवा. पोचवलंत तर गाडी संस्था ठेवील आणि चालवील, माझा शब्द. नाहीतर परत न्या आणि पुन्हा हा विषय नको." आणि फजिती डोळ्यांनी बघावी म्हणून त्या स्वतः जीपस्टँडकडे निघाल्या. हे त्यांना शोभलं नाही, पण निघाल्या.

चार जणांनी ढकलून गाडी सुरू करून दिली. स्टँडवर येईतो ती तापली. अलीभाईंना दोघांनी बाहेर उपसलं, मग ते बॉनेट उघडून पाणी घालत बसले. आणि इथेच घोळ झाला. कशेळ्याच्या स्टँडवर डोंगराकडे तोंड करून जी गाडी उभी असते ती वाडीला जाणारी, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक. विचारायचं नसतं, चढायचं असतं. अलीभाईंनी बॉनेट आपटून बंद केलं आणि समोर बघितलं, तर गाडी भरली होती.

जना सीटवर, मांडीवर पेटी. सीटच्या मागे कोंडी म्हातारी, कुशीत कोंबडी. डिकीवर ठकी, मांडीत तांदळाची गोणी. मडगार्डांवर दोन-दोन जण, आणि टप गुंडाळला होता त्याच्यावर एक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, पाय ड्रायव्हरच्या सीटवर.

"उतरा! ही जीप नाय!"

"मंग काय हाय?" ठकीने विचारलं.

"दोनच सीट हायत हिला!"

"आमी कुटं सीट मागतो?" कोंडी म्हणाली. "बस रं बाबा लवकर. कवाची बसलेय मी."

"जने, सांग ह्यांना!"

"काका, आमच्या वाडीची मानसं हायत. उतरा कशी म्हनू? आन् ह्यातले चार तर माजेच पेशंट."

पलीकडून जीपचा ड्रायव्हर रोहिदास ओरडला, "अलीभाई, धंद्यात उतरलात व्हय! माजं पॅसेंजर पळवलंत!"

घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. अलीभाईंनी इस्त्रीवाल्याचे पाय बाजूला सारले आणि अंग सोडून दिलं.

पहिल्या स्पीडब्रेकरला गाडीचं पोट टेकलं. सगळे उतरले, गाडीला बाजूंनी धरलं आणि अलीभाईंसकट उचलून पलीकडे ठेवलं. पुन्हा चढले. असे चार स्पीडब्रेकर. पाचव्याला कोणाला सांगावं लागलं नाही. गाडी हळू झाली की सगळे आपोआप उतरत. घाटीला लागल्यावर इंजिनाने वाफ सोडली आणि संप केला. मग ढकलणं. अलीभाईंना निघता येत नसल्यामुळे ते एकटेच आत, वरातीतल्या नवऱ्यासारखे, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने कोंबडी सांभाळत. कोंडीने ढकलायला हात मोकळे हवेत म्हणून ती त्यांच्याकडे दिली होती. पस्तीस वर्षं ज्या सीटला त्यांनी कोणाचा ओला हात लावू दिला नाही, तिच्यावर कोंबडीने जे करायचं ते केलं.

मागे रोहिदासची जीप, जीपमध्ये एकट्या बाई, सगळ्या सीटचं भाडं भरून. रस्ता अरुंद, पुढे जायला जागा नाही. रोहिदास हॉर्न वाजवी, अलीभाई टेंपोच्या हॉर्नने उलट उत्तर देत, आणि तो गोंगाट ऐकून वाडीतली माणसं कामावर जायची थांबून रस्त्यावर आली. नऊला पाच मिनिटं कमी असताना हिरवी गाडी वाडीत शिरली. जनाने पेटी उघडली तेव्हा समोर बत्तीस माणसं उभी होती. एरवी चार मिळायची.

बाई जीपमधून उतरल्या. "ही गाडी आलेली नाही, आणलेली आहे."

"आनली तर आनली," कोंडी कोंबडी ताब्यात घेत म्हणाली. "जीप भरायची वाट बगत आमी अजून थितंच असतो. ही भरली की निघती तरी. लवकर भरती बी."

बाईंनी शब्द दिला होता. "बरं, पण चालवणार कोण? अलीभाईंना तर आतून काढायलाच दोघं लागतात."

"मी," जना म्हणाली.

"तुला येते?"

"काकांना तरी कुटं येते? आमीच आनली ना हितपतूर."

अलीभाई एवढे हसले की खोकला आला. मग गंभीर होऊन म्हणाले, "दर बुधवारी शिकवीन. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाय. ठेवलास तर उतरवीन." सीट पुसायला त्यांनी फडका मागितला. कोणी तरी कोंबड्यांचं खुराडं पुसायचं पोतेरं आणून दिलं.

आता जना चालवते. शिकाऊ लायसन आहे, शेजारी अलीभाई, मांडीवर पेटी. मागचे पॅसेंजर पाचवर आणलेत, तेही भांडून. गुडघ्याचं म्हणाल तर वाडीत त्यांना उपसायला आता रांग असते.

राहता राहिलं एकच काम. दान कागदावर करायचं, म्हणजे गाडी संस्थेच्या नावावर करायला दोघांनी मिळून आरटीओत जायचं. मंगळवार ठरला होता. पण गाडी संस्थेच्या नावावर झाली की कमिटीपुढे येणार, आणि कमिटीतले राजेशराव पहिलाच प्रश्न विचारणार, विकायची का? हे बाईंना ठाऊक आहे. अलीभाईंनाही ठाऊक आहे. दोघं एकमेकांशी ह्यावर अवाक्षर बोललेले नाहीत.

दर सोमवारी संध्याकाळी अलीभाईंचा फोन येतो.

"बाई, उद्या जायचं ना आरटीओत?"

"जायचं तर. पासपोर्ट साइजचे फोटो काढलेत का?"

"नाय वो. राहूनच गेलं."

"मग कसं जाणार? पुढच्या मंगळवारी बघू."

"बरं," अलीभाई म्हणतात, आणि आठवड्याभरासाठी फोन ठेवतात.