चार जागा, अकरा फोन

आमच्या ऑफिसातले टेलिफोनवाले काका यादी केल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत. काकू सांगतात, लग्नाआधी यांनी माझ्या माहेरच्यांचीही यादी केली होती आणि त्यातून दोन मामा खोडले होते. म्हणून आम्ही त्यांना यादीकाका म्हणतो.

ऑफिसात नवा राउटर आला. वायरवाले जुने फोन आता त्यालाच जोडायचे होते, पण त्यात फोनसाठी जागा चारच. जोडणीची तयारी म्हणून काका कोणाकोणाला फोन हवाय ते विचारत फिरले. ज्यांच्या फोनवर धुळीचा थर होता त्यांनाही कंठ फुटला. फोनशिवाय आमचं पान हलत नाही, असं अकरा जणांनी सही करून दिलं. सगळ्यात वर सही मोठ्या साहेबांची.

काकांचा विश्वास सहीवर नाही, वायरवर आहे. टेस्टर घेऊन ते एकेका टेबलाखाली शिरले. दहांपैकी सहा फोन केव्हाच मेलेले निघाले. अकरावा साहेबांचा. साहेब तेव्हा पाहुण्यांसमोर त्याच फोनवर कोणालातरी झापत होते, "मला कारणं नकोत, काम हवंय." काका गालिच्याखालची वायर धरून टेबलामागे रांगत गेले आणि तिचं तुटकं, काळं पडलेलं टोक हातात घेऊन बाहेर आले.

साहेबांनी रिसीव्हर हळूच ठेवला. पाहुणे गेल्यावर काकांनी विचारलं, "तुमचा जोडू ना, साहेब?"

"नको. माझा व्यवस्थित चाललाय."

काकांनी यादीत लिहिलं: चालू आहे, जोडू नये.