बचावफळीची वही

सरांनी माझी वही जिमखान्यातल्या टेबल टेनिसच्या टेबलावर आपटली आणि म्हणाले, "वाचा. तुमच्याबद्दल कोण काय लिहितंय ते वाचा."

फुटबॉलचा सराव नुकताच संपला होता. बावीस मुली, चिखलाने भरलेले बूट, ओल्या मोज्यांचा वास. वही निळ्या पुठ्ठ्याची. माझी.

ईश्वरीने ती उचलली. ईश्वरी आमची कॅप्टन. खेळते स्टॉपरच्या जागी, म्हणजे बचावफळीच्या अगदी मधोमध. मी त्याच जागेची बदली खेळाडू. तिचे वडील आमच्या शिक्षणसंस्थेचे विश्वस्त. आमच्या नव्या जर्सी त्यांनीच दिलेल्या. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"स्टॉपर. वळायला वेळ लागतो. लाइन पुढे न्यायची हाक उशिरा देते. चेंडू डोक्यावरून गेला की मागे धावत नाही, हात वर करून ऑफसाइड मागते."

कोणीतरी फिस्सकन हसलं. ईश्वरीने वही मिटली. माझ्याकडे न बघता सरांना म्हणाली, "सर, अ‍ॅडमिशनला सवलत, फीला सवलत. आता स्टॉपरच्या जागेलाही सवलत पाहिजे का ह्या लोकांना?"

मग सगळ्या हसल्या. सरही हसले. मोठ्याने नाही, ओठ दाबून.

मी वाट बघत होते. सरांनी एकच वाक्य बोलायचं होतं: 'हिला लिहायला मीच सांगितलं होतं.' एवढंच.

सर म्हणाले, "मी हिला असलं काही लिहायला सांगितलं नव्हतं."

जूनमध्ये माझा घोटा मुरगळला होता. तीन आठवडे खेळायचं नव्हतं, म्हणून मी बाकावर बसून सराव बघायचे. मी फार बोलत नाही. शाळेपासूनच. नाशिकरोडच्या ज्या इंग्रजी शाळेत पप्पांनी मला घातलं, तिथे मी बोलण्याआधी वाक्य मनात दोनदा तपासून घ्यायचे. जो बोलत नाही तो बघतो. मी बघत होते.

एके दिवशी सर बाकावर शेजारी येऊन बसले. "बाळा, तुझी नजर चांगली आहे. सीझनआधी बचावफळीचं नीट मूल्यांकन करून दे मला. चौघींचं. बिनधास्त लिही. तुझ्या-माझ्यात राहील."

बाळा. दोन वर्षांत सरांनी मला पहिल्यांदा असं म्हटलं होतं. घरी जाऊन मी नवी वही काढली, स्केलने रेघा मारल्या. प्रत्येकीला एक पान. चार दिवस सकाळी साडेसहाला सगळ्यांच्या आधी मैदानावर. कोण कुठे उभी राहते, कुठून चेंडू निसटतो, सगळं लिहिलं. इतक्या मनापासून मी परीक्षेचा पेपरही कधी लिहिला नव्हता.

सरांनी वही वाचली, मान डोलावली आणि बॅगेत टाकली. पुढच्या आठवड्यात त्यांनी ईश्वरीला सांगितलं, की ह्या सीझनला तू बदली खेळाडू. तिने विचारलं, कोण म्हणतं? सरांच्या बॅगेत उत्तर तयार होतं.

पण त्या दिवशी जिमखान्यात माझ्या डोक्यात वही नव्हती. 'ह्या लोकांना' होतं.

टीममध्ये सगळ्यांच्या जर्सीवर पाठीमागे आडनाव आहे. माझ्या पाठीवर नुसतं नाव. ऑर्डरचा कागद फिरला तेव्हा मीच तसं लिहिलं होतं. वर्गात हजेरी नंबराने होते. रिक्षाने घरी येताना मी आमच्या कॉलनीच्या निळ्या कमानीच्या अलीकडे, मेडिकलपाशीच उतरते. हे मला कोणी शिकवलं नाही. आपोआप जमलं. माझं पूर्ण नाव आणि जातीचा दाखला जिमखान्यात एकाच ठिकाणी होता, खेळाडूंच्या पात्रता फॉर्मच्या फाइलीत. ती फाइल सरांच्या कपाटात. किल्ली सरांच्या खिशात.

मला ओपनमधून अ‍ॅडमिशन मिळाली होती. ते वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी गिळलं. आज वाटतं, बरं झालं. ते बोलले असते तर माझ्यापुरती सुटका मागितली असती आणि बाकीच्यांना तिथेच सोडलं असतं.

मुली निघाल्या. सरांनी मला थांबवलं. आता आवाज मऊ होता. "हे बघ, वरून फोन आलाय. मलाही नोकरी आहे. तू एक माफीनामा लिहून दे. की हे तू स्वतःहून, जागेच्या लोभाने लिहिलंस. उद्या टीमसमोर वाच. अठरा जणींच्या यादीत तुझं नाव राहील."

माझं शेवटचं वर्ष. इंटर-कॉलेजला खेळले तरच विद्यापीठाच्या निवड चाचणीला जाता येतं. सरांना ते माहीत होतं. मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मलाही कळलं नाही.

"आणि बिब्स घेऊन जा," ते म्हणाले.

बिब्स म्हणजे सरावात दोन टीम ओळखू याव्यात म्हणून जर्सीवर घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या. आमच्याकडे त्या आळीपाळीने घरी नेऊन धुवायच्या अशी पद्धत आहे. पहिल्या वर्षी माझी पाळी आली. दुसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, "तुमच्या गच्चीवर ऊन चांगलं येतं ना, तूच ने." सरांनी आमची गच्ची कधी बघितलेली नाही. आम्ही तळमजल्यावर राहतो. पाळी पुढे सरकलीच नाही. दोन वर्षं. बावीस जणींच्या घामाच्या बंड्या माझी आई आमच्या मोरीत घासायची आणि म्हणायची, "सर विश्वासाने देतात."

पिशवी उचलून मी बाहेर आले. नळावर संगीता बूट धूत होती. संगीता आमची राइट बॅक, बचावफळीच्या उजव्या टोकाला. इगतपुरीकडच्या गावातली. पंचवटीत मामाकडे राहून शिकते. मला वाटलं, ती तरी काही बोलेल माझ्या बाजूने.

ती बोलली. "माझं पान वाचलं नाय ईश्वरीने. मी वाचलं. टेबलावरच पडली व्हती वही."

मी पिशवी खाली ठेवली.

"'राइट बॅक. हाक उशिरा कळते. इंग्रजी समजत नसावं.' असंच लिवलंय ना?"

"हो."

"मला इंग्रजी कळतं गं. स्टेप म्हंजे पुढं सरका, ड्रॉप म्हंजे मागं या, त्यात कळायचं काय हाय? ती ईश्वरी हाकच देत नाय वेळेवर. तू लांब बाकावर बसलेली, तुला ऐकू काय येणार? विचारायचं व्हतं मला एकदा."

बुटातला चिखल तिने बोटाने काढला. "त्यांनी तुझा कागद बघून ठरवलं, तू कशी हायेस ते. तू माझं बोलणं ऐकून ठरवलं. तुझ्यात अन् त्यांच्यात लय काही फरक नाय."

ती निघून गेली. मी नळ बंद केला. ईश्वरी हाक उशिरा देते हे मी स्वतःच लिहिलं होतं. पुढच्याच पानावर संगीता उशिरा सरकते असं लिहिलं. दोन पानं मी जोडून वाचली नाहीत. माझ्यासारखी मुलगी, जिला एका वाक्यात अख्खी मोजल्याचा राग होता, तिने एका 'नाय'वरून दुसरीला मोजलं होतं. सरांनी मला फसवलं, ते खरं. पण माझ्या वहीत संगीताला मी फसवलं होतं. तिथे सर नव्हते.

घरी आले. आईने सवयीने पिशवीला हात घातला. मी म्हटलं, "राहू दे."

"भिजवून तरी ठेवते."

"नको आई. आजपासून नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. हात पुसले.

सकाळी मी माफीनामा लिहिला. मराठीत. पाच वाक्यं:

'बचावफळीचं मूल्यांकन मी सरांच्या सांगण्यावरून केलं. त्यातलं राइट बॅकबद्दलचं माझं मत चुकीचं होतं, कारण मी तिला न विचारता लिहिलं. तिची मी सर्वांसमोर माफी मागते. स्टॉपरबद्दल लिहिलेलं सगळं खरं आहे. माझ्या पात्रता फॉर्मवरची माहिती टीममध्ये कोणी सांगितली, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.'

खाली सही केली. पूर्ण नाव. आडनावासकट. ते लिहायला मला थोडा वेळ लागला.

टीमसमोर तो कागद घेऊन उभी राहिले. तसाच वाचला. ईश्वरी मोबाइल बघत होती. संगीताने मान वर केली नाही. तिने मला माफ केलं की नाही, मला अजून माहीत नाही. सरांनी कागद माझ्या हातातून घेतला, दोन तुकडे केले आणि म्हणाले, "तुझा सीझन संपला."

मी बिब्सची पिशवी टेबल टेनिसच्या टेबलावर उपडी केली. न धुतलेल्या, ओल्या, वास येणाऱ्या बावीस बंड्या. "सर, पाळी दुसऱ्या कोणाची तरी लावा."

यादी लागली. अठरा नावं. त्यात माझं नाही.

फाटलेल्या कागदाची दुसरी प्रत मी प्राचार्यांच्या कार्यालयात दिली आणि पोच घेतली. तिसरी जिमखान्याच्या फलकावर लावली. दुपारपर्यंत कोणीतरी काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. तीही काढली. माझ्याकडे आता पन्नास झेरॉक्स आहेत. प्रत्येकीवर सही पेनाने केलेली, पूर्ण नावाची.

साडेसहाला मी अजूनही मैदानावर जाते. कुंपणाबाहेर एकटी धावते. माझ्या जुन्या जर्सीवर, नावाखाली, मार्करने मोठ्या अक्षरांत आडनाव लिहिलं आहे. धुतल्यावर ते फिकं होतं. मी पुन्हा गिरवते.

आणि रिक्षातून आता कमानीखालीच उतरते.